घरात चपला

बायको गेल्यावर मी धावायला लागलो. तब्येतीसाठी वगैरे नाही. संध्याकाळी घरात बसवत नव्हतं म्हणून. रेल्वेची अख्खी नोकरी खुर्चीत काढलेला माणूस आमच्या खातीपुरा वस्तीतल्या रस्त्यांवर असा सुटला, की कुत्रीसुद्धा आधी भुंकली आणि मग कीव येऊन गप्प बसली.

थोड्याच दिवसांत टाचेने जाब विचारला. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला, की खिळा घुसल्यागत कळ. मी शहाणा, त्यावर उपाय म्हणून आणखी जोरात धावलो.

शहराच्या सी-स्कीम भागातली फिजिओथेरपिस्ट सोलापूरची निघाली. या हिंदी मुलखात मराठी ऐकून मला गहिवरून आलं, तेवढ्यात तिने तळव्यात अंगठा रोवला आणि गहिवराची किंकाळी झाली.

"काका, तळव्याचा पट्टा दुखावलाय. सध्या धावणं बंद. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, गोठवलेल्या बाटलीवर तळवा फिरवायचा, बूट नवे घ्यायचे. आणि घरात अनवाणी नाही हां. पलंगावरून पाय थेट चपलेत."

"घरात चपला? आमच्याकडे चालत नाही."

"कोणाला चालत नाही?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, तो बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

आमच्या हिचा तो कायदा होता. नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही दारातच, "भैया, चप्पल बाहर!" आणि मी विसरलो तर, "अहो, हे घर आहे, प्लॅटफॉर्म नाही!"

बाकी सगळं केलं. पोटऱ्या ताणल्या, बूट आणले, बाटली फिरवली. एकदा तर बाटलीसकट मीच फिरून दिवाणावर पालथा पडलो. चपला मात्र उंबऱ्याबाहेरच. टाच जिथल्या तिथे.

"घरात चपला घालता ना, काका?" पुढच्या खेपेला फिजिओथेरपिस्टने विचारलं.

मी छताकडे पाहिलं.

"मग धावणं विसरा."

म्हणजे पुन्हा ती संध्याकाळ, आणि ते घर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाशी ठेवलेल्या चपलांत पाय घातले. कळ आली, पण कमी. बैठकीतून चोरासारखा गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी थबकलो. मग मुद्दामच आत शिरलो, ओट्यापर्यंत, चपला फटाफट वाजवत. परत फिरलो आणि आणखी एकदा गेलो, जरा जोरात.

कुणी ओरडलं नाही.

टाच बरी होतेय.