न कापलेली डली

गोंदियाच्या एका सराफाने मला सोन्याचं पाणी दिलेलं तांबं विकलं. त्याच्या दुकानात मला नेलं ते माझ्या होणाऱ्या इवायांनी (व्याह्यांनी). एवढं आधी सांगतो, मग प्रवास.

वर्ध्याहून पॅसेंजरने निघालो. नागपूर सुटलं तशी डब्यातली मराठी पातळ होत गेली, आणि गोंदियाच्या फलाटावर हमाल, टांगेवाले सगळे हिंदीत भांडत होते. मीही हिंदीत भांडलो. टांग्याचा घोडा इवायांच्या गावच्या, कुडव्याच्या वाटेवर अडून बसला, म्हणून अर्धी वाट पायी, कापणी झालेल्या बांध्यांच्या (धानाच्या खाचरांच्या) कडेने. इवायांकडे भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. जेवण उत्तम होतं, ते नाकारत नाही.

त्यांच्या घरात सुनेच्या मंगळसूत्रातली माहेरची वाटी नदीच्या सोन्याची लागते. म्हणून आम्ही सराफाकडे गेलो. त्याने चिंचोक्याएवढी डली काढून कसोटीवर घासली. रेघ पिवळी उठली, तेजाब टाकूनही टिकली. पण डोक्यावर पितळी भांडी घेऊन गावोगाव फिरलेला माणूस मी; डली हाताला हलकी लागली. मी छिन्नी मागितली.

"शादी का सोना काटते नहीं, सेठ."

मी इवायांकडे पाहिलं. "खरंच आहे बुवा," ते म्हणाले. "लग्नाची डली अख्खीच सोनाराकडे जाते. कापली का अपशकुन होते."

मुलीच्या सासऱ्यासमोर अपशकुन कोण करणार? घेतली.

दुसऱ्या दिवशी वाटलं, कानातल्यापुरतं सोनं थेट नदीवरच स्वस्त घ्यावं. इवायांसोबत छकड्यातून बाघ नदी गाठली. तिथे एक सोनझारी (वाळू धुऊन सोनं काढणारी) बाई लाकडी परात हलवत होती. भाव पाडायला मी माझी डली दाखवली. तिने ती उलटसुलट केली.

"बापू, आमचे कण कोंड्यावानी चपटे रायतेत. एवढी डली आटवल्याबिगर होत नाही. अन् एकडाव आटवली, तं मंग कापाले कायचा अपशकुन?"

तिच्याच कोयत्याखाली डली धरून वरून दगड हाणला. आत लालभडक तांबं.

"गडवा (लोटा) होईन याचा," बाई म्हणाली. "तो बी बाहुलीचा."

इवाई मोहाच्या झाडाखाली उभे होते. एवढंच म्हणाले, "चला, ऊन चढून राहिलं."

परतताना सराफाला गाठलं. त्याने दोन्ही तुकडे बोटाने माझ्याकडे सरकवले: कापलेला माल परत घेत नाही. दुकानाबाहेर माणसं जमेपर्यंत मी ओरडलो. इवाई मात्र छकड्यातून उतरले नाहीत.

गाडीत ते तुकडे खिशात वाजत होते. घरी पोरीने वाटी कुठाय विचारलं, तेव्हा मला खोटं बोलावं लागलं. पितळ विकून मी घर उभं केलं, पण पितळेला सोनं म्हणून कधी विकलं नाही.

सराफ मला परका होता, इवाईबुवा. तुम्ही नव्हता. तुमच्या थोरल्या सुनांच्या डल्याही न कापताच सोनाराकडे गेल्या होत्या, की ही रीत फक्त माझ्यासाठी निघाली? मांडवाचा पहिला खांब रोवण्याआधी मला याचं उत्तर पाहिजे.