दोरीवरची जळकी चादर

शेवटच्या दिवशी लाँड्रीत ताईच्या हातून चादर जळली. बोलता बोलता इस्त्री तशीच राहिली. मग तिने ती चादर दाराजवळच्या दोरीवर टाकली अन् सगळ्यांना सांगितलं, "ही माझी. लक्ष नव्हतं."

"मुकादमीणबाई, म्हातारपण आलं तुम्हाला," शेजारच्या टेबलावरची म्हणाली. जीभ अशी, म्हणून तिचं नावच तिखट.

"तुझ्या जिभेपेक्षा कमीच भाजलंय गं."

सगळ्या हसल्या.

घरी येऊन ताई खुर्चीत बसली, पाणी मागितलं. धाकटी बहीण पेला घेऊन आली तर मान कलली होती. संपलं. धाकटी पेला धरून उभीच. मग तिने ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. का ते तिलाही माहीत नाही.

दोघी बहिणी एकाच लाँड्रीत, हॉस्पिटलचे कपडे यायचे तिथं. दोरीची रीत ताईची. आधी जळलं फाटलं की गठ्ठ्याच्या तळाशी सारायचं, मालक ओरडायचा ना. एकीच्या इस्त्रीतून झटका यायचा, पण ती बोललीच नाही, बिघाड माझ्या माथी मारतील म्हणून. तिचा हात गेला तेव्हा कळलं. तेव्हापासून ताई मुकादम असून आधी स्वतःचं जळकं टांगायची. टांगलं की कुणी बोल लावायचा नाही. काय झालं ते सांगायचं, इस्त्री तपासायची, बस. नव्या बायका आधी बिचकायच्या, मग सासूच्या कागाळ्या सांगाव्या तशा आपल्या चुका सांगायच्या.

धाकटी कामावर परत गेली तर दोरी नाही, नुसता खिळा.

"बाहेरची माणसं येतात, बरं दिसत नाही," नवा मुकादम म्हणाला.

कुणी चकार शब्द काढला नाही. धाकटीनेपण नाही. तिला आतून काही वाटतच नव्हतं, हात आपले चालत होते. एवढं मात्र दिसलं, सगळ्याजणी खाली मान घालून घड्या घालतायत. परत कुणाचा तरी हात जाणार.

दुपारी जळका वास आला. मग तिखट उठली. डॉक्टरचा कोट होता, पाठीला भोक. तिने तो खिळ्याला अडकवला.

"हा माझा. इस्त्रीतून झिणझिण्या येतात, हात दचकला."

मुकादमाने कोटाकडे बघितलं, मग बायकांकडे.

धाकटीने आपली इस्त्री उभी करून ठेवली, चालत गेली अन् तिखटच्या इस्त्रीचं बटण बंद केलं.