पंप वाढव

गुंगालिनच्या आमच्या घरामागचं तळं बाबांनी केलं. मी नकोच म्हणत होते. आई गेल्यावर त्यांना साताऱ्याहून इथे परदेशात आणलं, तेव्हा वाटलं होतं, पेपर वाचतील, देवळात जातील, निवांत राहतील. पण चाळीस वर्षं वह्या-पेनांचं दुकान चालवलेल्या माणसाला रिकामे हात सोसवत नाहीत. महिन्याभरात त्यांनी मागचं लॉन खणायला घेतलं.

तळ्यापेक्षा त्यांचा जीव शेजारच्या गाळणीत. यूट्यूबवर तिला बॉग फिल्टर म्हणतात, बाबा गाळणीच म्हणायचे. एक मोठी टाकी, तिच्यात बारीक खडी, खडीत लव्हाळी आणि पुदिना. तळ्यातला पंप घाण पाणी पाइपाने खडीच्या खाली सोडायचा. ते खडीतून वर चढायचं, झाडं त्यातली घाण खायची आणि नितळ पाणी एका दगडावरून परत तळ्यात पडायचं. "माशांचं शेण, झाडांचं जेवण," बाबा येईल त्याला ऐकवायचे. मासे सहा होते. "आजोबा, विच वन इज माइन?" असं माझी मुलगी विचारायची आणि ते दर वेळी वेगळा दाखवायचे.

तीन हिवाळे तळ्यावर बर्फाची साय धरली आणि तिन्ही वेळा वसंतात सहाच्या सहा मासे वर आले. बाबा थंडीत नेमकं काय करतात हे मी कधी विचारलं नाही. सकाळी लाइट रेल पकडायच्या घाईत मी मागचं दारसुद्धा उघडत नसे.

चौथ्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघाले, तेव्हा धापा टाकत म्हणाले, "आज उणे सात आहे म्हणे. घरी गेलीस की आधी पंप वाढव."

"वाढवते," मी म्हणाले. दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचा माझा स्वभाव नाही. घरी गेले आणि पंपाचं बटण एकवरून थेट तीनवर नेलं. वाहतं पाणी गोठत नाही, एवढं विज्ञान मलाही येत होतं.

सकाळी पाहिलं तर दगडावर बर्फाचा बांध. परतीची वाट अडल्यामुळे पाणी टाकीच्या दुसऱ्या कडेवरून सांडलं होतं आणि जोरात चाललेल्या पंपाने अख्खं तळं लॉनवर ओतलं होतं. तळाशी वीतभर गाळ, त्यात सहा मासे, आणि कोरडा पंप घरघरत होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ऑफिसच्या बुटांनी मी तिथेच पायरीवर बसून रडले. मग मला बाबांचाच राग आला. असलं काहीतरी सांगायचंच कशाला? मुलगी उठायच्या आत मासे लिंबाच्या झाडाखाली पुरले.

"पंप वाढवलास ना?" मी हॉस्पिटलात गेल्या गेल्या बाबांनी विचारलं.

"हो बाबा."

"मग मासे निवांत."

चोराच्या मनात चांदणं. मी उगाच त्यांचं ब्लँकेट झटकून घडी घालत बसले.

चार दिवसांनी डॉक्टर म्हणाली की आता फुप्फुसांसाठी करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मी ते मराठीत सांगत होते, निम्मं गाळून. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. "कळलं गं. चला, आता दुकान वाढवू या."

मी खुर्चीत बसले. लहानपणी रोज रात्री आठला बाबा शटर ओढायचे आणि घरी येऊन सांगायचे, दुकान वाढवलं. बंद म्हणायचं नाही. बंद पडतं ते दिवाळं निघालेल्याचं. आईची बांगडी फुटली तरी ती वाढवलेली असायची. हे सगळं मला माहीत होतं. पण इथे वीस वर्षं मी फक्त हीटर वाढवला होता आणि टीव्हीचा आवाज.

"बाबा, पंप वाढव म्हणजे... बंद कर?"

"मग दुसरं काय? थंडीत तळाचं पाणी त्यातल्या त्यात उबदार. मासे तिथे झोपतात. ते ढवळायचं नसतं." लहानपणी मी काउंटरवरचं खोडरबर उचललं की बघायचे, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "मासे?"

"आहेत. खाली बसलेत."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "असू देत. खाली असले की वरून दिसत नाहीत."

त्यांना ते खरं वाटलं, की सगळं कळूनही त्यांनी मला सोडून दिलं, हे मला आजही माहीत नाही. दोन दिवसांनी सकाळी ते गेले. तेव्हा मी खाली गाडी लावत होते.

सप्टेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, खडीतून लव्हाळ्यांचे हिरवे कोंब वर आले. मी तळ्यात पाणी भरलं, पण पंपाला हात लावायचं धाडस होईना. मुलगी विचारायला लागली, आजोबा तर याच दिवसांत सुरू करायचे ना. तिला बंद आहे म्हणून सांगायचं होतं, पण तो शब्द तोंडातून निघेना.

"वाढवलाय गं," मी म्हणाले.

ती पळत जाऊन बटण बघून आली. "नो मम," ती म्हणाली, "इट्स ऑफ."