उभ्या विमानाच्या झडपा

सत्यासाठी माणसाने कोणताही त्याग करावा, असं आमच्या नंदनवन कॉलनीतले माझे एक शेजारी मानत. त्याग बहुधा माझा असे.

सीताबर्डीच्या प्रदर्शनासाठी हिवाळाभर खपून मी महायुद्धातलं एक लढाऊ विमान लाकडात केलं होतं. विमान धावपट्टीवर उभं, पंखांखालच्या झडपा उघड्या. शेजाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते खालून बघत राहिले.

"झडपा खाली सोडून तुमचा पायलट चहा प्याले गेला काय, भाऊ? उतरल्यावर त्या वर घ्याच्या असतात."

"छान दिसतात म्हणून ठेवल्यात."

"छान दिसाले ते काय नवरी आहे?"

मी चहा सांगायला आत गेलो. परतलो तेव्हा झडपा डिंकाने कायमच्या मिटल्या होत्या आणि ओल्या रंगावर त्यांचा अंगठा उमटला होता.

"आता कसं, खरं विमान वाटते."

प्रदर्शनात टेबलं कमी पडली, म्हणून आयोजकांनी माझं विमान दोऱ्याने छताला टांगलं. शेजारी त्याच्याखाली मान वर करून बराच वेळ उभे होते.

"भाऊ, हे तर उडून राहिलं. मग चाकं काहून खाली?"

करवतीचं पान त्यांनी सोबतच आणलं होतं.