तारखांसाठी पाटी

"वयनी, ह्या वयात पाटी घेवन खंयच्या शाळेत जातलंस?"

महादूने हा प्रश्न आचऱ्याला एसटीत बसताना विचारला, मालवणला गाडी बदलताना विचारला आणि कुडाळच्या स्टँडवर उतरल्यावर पुन्हा विचारला. दशावतारात राजाची भूमिका करणारा माणूस तो. एकदा टाळी घेतलेलं वाक्य सहजासहजी सोडत नाही.

"शाळा अर्धी रवली माजी," सुभद्रा पुढे चालता चालता म्हणाली. "उरलेली आता करतंय. चला भावजी."

दशावतारी कंपनी सुभद्राच्या नवऱ्याची. तो गेल्यावर कंपनी धाकट्या दिराकडे, महादूकडे आली, पण तारखा राहिल्या सुभद्राकडे. कुठल्या गावच्या जत्रेला कोणत्या रात्री नाटक, हे तीच ठरवायची. कंपनीत बाई ती एकटी. रंगमंचावर सीता आणि द्रौपदी पुरुषच होतात, पण गाडी कुठल्या गावी वळणार ते पडवीत बसलेली ही बाई सांगायची. चतुर्थी आटपली की गावोगावचे मानकरी यायचे, चहा प्यायचे, सुपारी ठेवायचे आणि ती डायरीत नाव चढवायची.

गेल्या हंगामात मात्र घोटाळा झाला. एका गावात सुतक आलं, जत्रा पुढे गेली. सुभद्राने डायरीतलं नाव खोडलं आणि बाण काढून पुढच्या पानावर नेलं. त्या पानावर आधीच दुसरीकडून एक बाण येऊन बसला होता. खाडाखोडीत तो दिसलाच नाही. एक रात्र, दोन गावं! एका देवळासमोर नाटक रंगलं. दुसऱ्या देवळासमोर लोक चटया अंथरून वाट बघत बसले. तोंडावरचा रंगही न पुसता महादूला तिथे जाऊन हात जोडावे लागले होते.

"यंदा तारखा कुडाळच्या ओमकाराक देवया," तो नंतर म्हणाला. हा ओमकार दुसऱ्या कंपन्यांच्याही तारखा सांभाळायचा, मोबाईलवर.

"आणि मी काय करू?"

"तू आराम कर."

आराम हा शब्द तिला मिरचीसारखा झोंबला. "माजी चूक माका वेळेर दिसूक नाय, ता खरा. मगे दिसात असा कायतरी घेतंय. तेच्यार पयली तारीख बरोबर घेतलंय तर तारखा माज्याकडे. चुकलंय तर ओमकाराकडे. कबूल?"

महादू कबूल झाला. म्हणून ही कुडाळची स्वारी.

दुकान दीपिकाचं होतं. मोबाईल, टॅबलेट, दुरुस्ती, सगळं ती एकटी बघायची. तिने हसून विचारलं, "काकी, कशासाठी हवाय? सिनेमे, की नातवंडांचा अभ्यास?"

"जत्रेसाठी."

दीपिकाने खुर्ची पुढे ओढली. सगळं ऐकून घेतलं. मग एक भला मोठा, पण स्वस्त टॅबलेट, महादूची ती 'पाटी', पुढ्यात ठेवला. "हा घ्या. कॅलेंडर आतच आहे. गेल्या वर्षीच्या जत्रा सांगा, मी टाकते."

सुभद्राने जुनी डायरी पिशवीतून काढून गावं सांगितली. दीपिकाने ती टाइप केली आणि 'दरवर्षी' असं एक बटण दाबलं. यंदाचा महिना उघडला तर गावं आपोआप जाऊन बसलेली!

"गो बाय माजे! ह्या तर माज्या आदी कामाक लागला!"

"बस्स," दीपिका म्हणाली, "दरवर्षी नव्याने लिहायला नको."

एवढ्यात सुभद्राचा फोन वाजला. फोन ती नेहमी स्पीकरवर घेते आणि समोरच्याला तो बहिरा असल्यासारखी बोलते. पलीकडे धनेश होता, शेजारच्या गावच्या देवस्थानाचा.

"काकी, आमच्या त्रिपुरीच्या जत्रेक कंपनी धरलेली आसा मा?"

"धरलेली म्हणजे काय! ह्या बघ, समोर दिसता. पाच नोव्हेंबर."

मग धनेश खोकला. "काकी, पाच तारखेक आमच्याकडे करंजे पण तळान जावचे नाय."

"म्हणजे?"

"दिवाळी आठ तारखेक आसा गो! त्रिपुरी पौर्णिमा दिवाळीच्या आदी कशी येतली?"

त्याच्या मागे कुणीतरी खो खो हसलं. सुभद्राचे कान तापले. यंदा अधिक महिना होऊन गेलेला. दिवाळी, पौर्णिमा, जत्रा, सगळंच पुढे सरकलेलं. यंत्राने गेल्या वर्षीची तारीख जशीच्या तशी उचलून ठेवली आणि तिने ती तशीच वाचून दाखवली.

"धनेश, चूक माजी. तुजी पौर्णिमा तुकाच. उलट फोन करतंय, खंय जाव नको."

फोन ठेवला तोवर महादूने आपला बाहेर काढला होता. "पयलीच तारीख चुकलंस वयनी. ओमकाराक लावतंय."

"खिशात घाला तो. पाटी अजून घेतलंय खंय? पैसे दिले काय मी?"

"म्हणजे?"

"आपलो करार पाटी घेतल्यावरचो."

महादू दीपिकाकडे बघायला लागला, जणू ती न्यायाधीश. दीपिका गंभीरपणे म्हणाली, "बिल नाही झालंय."

"ऐकलास?" सुभद्राने तो मोठा टॅबलेट दोन्ही हातांनी परत सारला. "माका आपोआप काय नको. आपोआप झाला की मी बघूचा सोडतंय. हातान लिवक मिळात असा दी."

दीपिकाने त्याच टॅबलेटसाठी एक पेन काढून दिलं. सुभद्रा लिहायला बसली की तळवा कागदावर टेकवणारच. तळवा टेकला आणि पडद्यावर रेघोट्यांचं जाळं झालं.

"हात जरा वर धरा, काकी."

"हात वर धरून कोण लिवता? मी काय आरती ओवाळतंय?"

मग आला पापडासारखा पातळ, देखणा एक. त्यावर अक्षर लोण्यासारखं फिरलं. किंमत ऐकून महादू राजाच्या आवाजात म्हणाला, "ह्या पैशात कंपनीचे सगळे मुकुट नवे होतीत!"

"कोकमाची सोलां इकून जे पैशे झालेत, तेच्यात बसात असा दाखव," सुभद्रा म्हणाली. ती खुर्चीवरून हलली नव्हती.

दीपिकाने थोडा विचार करून काचेच्या कपाटातून एक लहानसा काढला. मागच्या वर्षीचा, गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी उघडलेला, कडेला ओरखडा. पण पेन सोबतच. सुभद्राने तळवा दाबून टेकवला. पडदा कोराच राहिला. पेनाने लिहिलं, तेवढंच उमटलं.

"नेट बंद कर."

"कशाला?"

"आमच्या पडवीत रेंज येता ती पावण्यासारखी. चाय पिता नि जाता."

नेट बंद झालं, अक्षर चालूच राहिलं. तिने कोरं पान घेतलं, वर 'कार्तिक' लिहिलं, वाकडेतिकडे चौकोन आखले आणि दीपिकाच्या भिंतीवरच्या पंचांगात बघून एकेक तिथी भरली. पौर्णिमेच्या चौकोनात धनेशचं गाव बसलं, खाली बारीक अक्षरात चोवीस तारीख. वद्य द्वितीयेला दुसरं गाव होतंच.

"आणि सुतक इला तर?" महादूने खिंडीत गाठलं. "परत बाण?"

दीपिकाने दाखवलं, नावाभोवती पेनाने कडं करायचं आणि सरकवायचं. सुभद्राने केलं तेव्हा अर्धंच नाव उचललं गेलं.

"गाव फाटलो!" महादू ओरडला.

"शिवतंय. गप रवा."

दुसऱ्या खेपेला अख्खं नाव आलं. तिने ते मुद्दाम द्वितीयेवर नेलं. नावावर नाव चढलं, दोन्ही वाचता येईनात. डायरीतल्या बाणाखाली जे लपून बसलं होतं, ते इथे डोळ्यांत खुपत होतं.

"दिसता?" तिने विचारलं.

महादू वाकला. "दिसता," तो म्हणाला.

तिने गाव उचलून पौर्णिमेवर परत ठेवलं, पैसे दिले, बिल घेतलं आणि मगच धनेशला फोन लावला. "त्रिपुरी पौर्णिमा, चोवीस तारीख, तुमची जत्रा. आता तू सांग, मी ऐकतंय." धनेशने तेच परत सांगितलं. तिने पडद्यावरच्या एकेका अक्षरावर बोट फिरवत ऐकलं.

स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघताना महादूचा फोन वाजला. कुठल्याशा गावचा मानकरी तारीख विचारत होता. महादूने वहिनीकडे पाहिलं. घसा खाकरला.

"तारखा माज्याकडे नसतत," तो म्हणाला. "वयनीक देतंय."

सुभद्राने पिशवी बाकावर ठेवली, टॅबलेट मांडीवर उघडला, तळवा ऐसपैस टेकवला.

"हां, बोला. तारीख मगे. आदी तिथी सांगा."