उखळात हात घालणारे मास्तर

विश्राम मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी उखळात हात घालीत. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हे जमिनीत पुरलेल्या दगडी उखळाची खोली वितीने मोजताहेत! मी त्यांच्याच शाळेत शिकवायचो. सोबत असलो की शरमेने अर्धमेला होई. मिठाच्या सत्याग्रहाआधीची, रेवसजवळच्या आमच्या कोळीवाड्यातली ही गोष्ट.

कोण राहतं, कधीपासून राहतं, उखळ किती झिजलं, सगळं ते वहीत लिहीत. म्हणत, "माणूस फुशारकी मारतो हो. दगड नाही मारत." वाड्याने त्यांना केव्हाच वेड्यात काढलं होतं. पण शिकवत जीव ओतून, म्हणून सगळे सांभाळून घेत.

मग जागेचा मालक खोत उठला. म्हणे, ही खोपटी गेल्या वर्षी घातलेली, हटवा. तीस घरं उघड्यावर यायची वेळ आली. घरं जुनी आहेत म्हणून मास्तरांनी अर्जांचा सपाटा लावला, तेव्हा कुठे मामलेदार स्वतः पाहायला यायला कबूल झाले. त्यांना आणायला मास्तर अलिबागला गेले.

साहेब येणार म्हटल्यावर वाडा मागे राहतो की काय! घरोघरी माडाचे नवे झाप चढले, भिंती सारवल्या, दारात रांगोळ्या आल्या. मास्तर साहेबांना घेऊन येतात तो जुनी घरं नवी कोरी! खोत मिशीत हसला. मास्तर मटकन खाली बसले.

"ही तर कालची दिसतात," मामलेदार म्हणाले.

सुंद्राई म्हातारी उसळली. "कालची? ह्या उखळीत माज्या आजेसासूनं भात कांडलंय, सायबा!"

मास्तर ताडकन उठले. वही उघडून ओरडले, "दीड वीत, दोन बोटं! मोजा, साहेब!"

मामलेदारांनी बाह्या सारून पाच घरांत मोजलं. वही तंतोतंत जुळली. दगड वर्षभरात एवढा झिजत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वाडा वाचला.

मास्तर राहत होते खोताच्याच पडवीत! या धांदलीत हे ना त्यांच्या ध्यानात राहिलं होतं, ना आमच्या. दुसऱ्या दिवशी त्यांची ट्रंक रस्त्यावर आली. मला रडू फुटायचं बाकी होतं. सुंद्राईने ट्रंक सरळ डोक्यावर घेतली.

"चला मास्तर. पोरगा म्हमईला गेलाय, त्याची खोली रिकामी हाय."

"पण किती दिवस राहू?" मास्तर पुटपुटले.

"लिवून घ्या. मरंपातूर."

त्यांनी खरंच वही काढली. पण डोळे इतके भरले होते की ओळ दिसेना. शेवटी ते मी लिहिलं.