एकच कनेक्शन आणि प्रल्हादचं लग्न

कॉम्प्युटरच्या धंद्यात सामान कमी आणि किस्से जास्त जमतात. बुलडाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत तर इतके जमले, की कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हेही मला आता धड सांगता येत नाही. आठवतील तसे सांगतो.

समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा प्रोग्राम आम्ही चौघं करत होतो: सर, वंदना मॅडम, प्रल्हाद आणि मी. माहिती भरायची, स्थळं शोधायची, पसंती नोंदवायची. आमच्यातला प्रल्हाद बीबी गावचा, वय बत्तीस, बिनलग्नाचा. स्थळ यायचं, "नोकरी सरकारी हाये का?" विचारायचं आणि चहा पिऊन जायचं! त्याची सगळी आशा या मेळाव्यावर. स्वतःची माहिती त्यानं सगळ्यात आधी भरली होती.

* * *

आमचे सर आधी गणिताचे मास्तर. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं: सगळी माहिती एका ठिकाणी, आणि तिथं जायला कनेक्शनही एकच. चारही कॉम्प्युटर तेच वापरणार.

"विहिरीले दोर एक असला म्हंजे झालं. घरटी दोर कायले पाहिजे?"

आम्ही माना हलवल्या. कळलं कुणालाच नाही. वंदना मॅडमनी धीर करून विचारलं, "सर, ते कनेक्शन दिसते कुठं?"

सरांनाही ते कुठं दिसत होतं! त्यांनी मागच्या निळ्या वायरीकडे बोट दाखवलं. पुढे महिनाभर मॅडम रोज सकाळी ती वायर फडक्यानं पुसत होत्या.

* * *

प्रल्हादकडे प्रोग्राममधला स्थळ शोधायचा भाग. त्यानं एकदा शोधलं की बाकी तिघांचे स्क्रीन ठप्प! दोन दिवस आम्ही डोकं धरून बसलो. विजेला शिव्या देऊन झाल्या. शेवटी सरांनी त्याचा कोड वाचला. अगदी खाली ओळ होती: कनेक्शन बंद.

"अबे, सगळ्यायचं कनेक्शन तू काऊन बंद केलं?"

"माह्यं काम झाल्तं ना, सर! काम झालं की बंद करा लागते. मायनं शिकवलं मले."

सरांनी ती ओळ स्वतःच खोडली. त्याच्या मायला कोण बोलणार?

* * *

हा गाढवपणा माझा. सरावासाठी मी खोटी माहिती वेगळी ठेवली होती. एका सकाळी कनेक्शन तिकडे वळवलं. वाटलं, आपण एकटेच वळू. पण कनेक्शन एकच, त्यामुळे चारही कॉम्प्युटर मुकाट माझ्यामागे आले! तेवढ्यात देऊळघाटचे एक काका मुलीसाठी स्थळ पाहायला आले. मॅडमनी कागद छापून हातात दिला. उंची बारा फूट, नोकरी सरकारी!

काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"नोकरी पक्की हाये ना? मंग चालते. घरात वाकून राहीन तो."

त्या दिवशी प्रल्हाद जेवला नाही.

* * *

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला होता. नोंदी आधी कच्च्या राहायच्या. सर मधूनमधून 'पक्कं' दाबायचे. तोवर काही चुकलं तर 'रद्द' दाबून कच्चं पुसायचं.

वडनेर भोलजीची संगीता वडिलांसोबत येऊन वंदना मॅडमपुढे बसली. शाळेत शिकवायची. तिनं यादी वाचली, थोडी थांबली आणि प्रल्हादचा नंबर सांगितला! मॅडमनी तो भरला आणि खुणेनं मला दाखवला. प्रल्हादला काहीच पत्ता नव्हता. शेजारच्या टेबलावर त्याच्यापुढे एक आजोबा नातवाचं जन्मसाल चुकले होते, म्हणून त्यानं 'रद्द' दाबलं.

आमच्या डोळ्यांदेखत संगीताची पसंती गेली.

"अबे, काय केलं तू!" मी ओरडलो.

"या आजोबाचं रद्द केलं, दुसरं काय?"

"कनेक्शन एकच हाये! सगळ्यायचंच झालं! तुले पसंत केल्तं तिनं!"

संगीताचे वडील उठले. "आमच्या पोरीनं लिहिलेलं खोडलं कोनं?"

प्रल्हाद उभा राहिला. "मी... पन मले माईतच नव्हतं जी."

"पसंत नव्हतं तं तोंडानं सांगाचं!" त्यांनी पिशवी उचलली. "चाल वं, पोरी."

संगीता उठली नाही. तिनं प्रल्हादकडे एकदा नीट पाहिलं, मग मॅडमकडे वळली.

"मॅडम, माह्यं परत भरा. आन् यायले कॉम्प्युटरपासून जरा दूर बसवा."